काजळ पुसून या

अमळनेरला, बसस्टँडमागच्या गल्लीत,
पत्र्याच्या जिन्याखाली आमची खोली.
दारावर पुठ्ठा:
चक्कर तपासणी. काजळ पुसून या.

हे काजळानेच शिकवलं.
पहिल्या महिन्यात संगणक
बुबुळ सोडून काजळाची कड धरायचा,
आणि धरणगावची नवी सून
पडद्यावर पार भेलकांडलेली दिसली.
ती नुसती लाजत होती.

यंत्र म्हणजे काय,
वेल्डिंगचा चष्मा, काचांना काळा रंग,
आत वेबकॅम, त्याची लालसर काच नखाने सोलून काढलेली,
आणि रिमोटमधले दोन दिवे
जे माणसाला दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात.
विकतच्या यंत्राची किंमत नेहेते डॉक्टरांनी
औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दाखवली होती.
मी शून्यं मोजली. चिठ्ठी खिशात घातली.
आमचं अकरा हजार चारशेत झालं,
त्यात दोनशेचा चहा.

अंधार लागतो.
उजेडात डोळा सावरून घेतो,
खिळ्याला धरतो, दिव्याला धरतो,
कॅलेंडरवरच्या गणपतीला धरतो.
अंधारात धरायला काही नसतं.
मग तो सरकतो, हळू,
उतारावर सोडलेल्या हातगाडीसारखा,
आणि झटक्यात माघारी. पुन्हा सरकतो.
पडद्यावर करवतीचे दाते उमटत जातात.

सुरत पॅसेंजरच्या खिडकीत खांब मोजताना
तुमचेही डोळे हेच करतात.
ह्यांची गाडी उभी असते, एवढाच फरक.

लोटन बोरसे, वायरमन. चौदा वर्षं खांबावर.
आता बाजेवर कूस बदलली की घर फिरतं.
गाव म्हणालं पित्त.
मेहुणा म्हणाला दारू, जी तो पीत नाही.
साहेब म्हणाले, टेबलावर बसा.
"खांब नही हालत, भाऊ," तो म्हणाला,
"मीच हाली ऱ्हायनू."

चष्मा चढवला. मान उजवीकडे.
आडवा केला, डोकं बाजेच्या कडेखाली लोंबतं.
एक. दोन. तीन.
काहीच नाही.
मग डोळा उसळला,
गोल वळत, कपाळाकडे,
आणि लोटनने माझं मनगट असं धरलं
की चार बोटं दुसऱ्या दिवशीही दिसत होती.
डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं
ते दाते विझेपर्यंत काढलं नाही.
कानातला चुन्याचा कण,
तंबाखूला लावतो त्याहून कितीतरी बारीक,
जागा सोडून भलत्याच नळीत शिरलेला.
मान वळवली, थांबलो.
कूस वळवली, थांबलो.
बसवलं.
लोटनने उठून आधी भिंतीला हात लावून पाहिला.

सगळ्यांचं असं होत नाही.
चोपड्याच्या सुपडाबाईंचे दाते
खाली जात होते, सरळ खाली,
बसल्या जागी, चष्मा काढल्यावरही.
हे कानाचं नव्हतं.
डॉक्टरांनी मेंदूच्या फोटोसाठी जळगावची चिठ्ठी लिहिली.
भाच्याने विचारलं, "मशीन बिघडेल असेल का?"
मी एकेक वायर काढून पुन्हा लावली,
दिवे तपासले, स्वतःचा डोळा घालून पाहिला.
यंत्र बिघडलेलं असावं
असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मे महिना. भर दुपारी लाइट गेली.
खोलीत आयता अंधार,
लॅपटॉपला चाळीस मिनिटांची बॅटरी,
बाजेवर पारोळ्याचा शिंपी, मान डावीकडे.
बाहेरून, उंचावरून, आवाज आला,
"पाच मिनिटात देतो लाइट!"

मी दार किलकिलं केलं. खांबावर लोटन.
वर बघताना मलाच थोडं गरगरलं.
"सावकाश," मी ओरडलो,
"आम्हाला घाई नाही."