वजनमापे निरीक्षक, मुक्काम न्यूकॅसल

चौतीस वर्षं लोकांचे तराजू तपासले मी.
आष्टा, वाळवा, पेठ, इस्लामपूरचा बाजार.
पारड्यात दगड टाकून कुणी वांगी विकताना दिसला
की दगड जप्त, पावती, वर दोन उपदेश फुकट.

आणि इथं शेजारच्या डोरीनबाई
कुंपणावरून अगदी हसत सांगतात,
डॉक्टरनं बजावलंय, अकरा दगडांच्या वर जायचं नाही.
कसले दगड? मी लेकीला विचारलं.
शर्वरी म्हणाली, बाबा, इथं माणसं दगडातच मोजतात.
अख्खा देश!
आणि पावतीपुस्तक तर मी निवृत्तीलाच जमा करून बसलेलो.

पेट्रोल लिटरनं, रस्ता मैलानं,
दुधाच्या कॅनवर दोन हजार दोनशे बहात्तर मिलिलिटर.
हे शेवटचे दोन ज्यानं सोडले नाहीत
त्या माणसाला एकदा भेटून चहा पाजायचाय.

बेसिनला दोन नळ, भाऊबंदकीतले.
एक पोळतो, एक गोठवतो,
एकमेकांचं तोंड बघत नाहीत.
समेट आपण घडवायचा, ओंजळीत, तोही घाईनं.

पण खरी गंमत भाषेची.
कोपऱ्यावरच्या दुकानात कांदे घेतले,
गल्ल्यावरची पोरगी सुटे देताना गोड आवाजात म्हणाली: पेट.
मी एक पाऊल मागं सरलो.
औषधाच्या दुकानात: पेट.
बस चालवणाऱ्या बाई, मी बसेपर्यंत थांबून: पेट.
बाहेर दोन डिग्री. सल्ला तसा वाईट नव्हता.
रात्री कळलं, लाडानं म्हणतात ते, बाळा म्हटल्यासारखं.
अडुसष्टाव्या वर्षी मला बाळा म्हणणारं
मराठीत आता कुणी उरलेलं नाही.

शनिवारी रस्त्यानं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा लोंढा,
हवे, हवे, अशा घोषणा.
मोर्चा म्हणजे आपल्या ओळखीचा प्रकार.
एकाला थांबवून माझ्या इंग्रजीत विचारलं, काय हवे?
तीन पॉइंट, तो म्हणाला.
मागणी माफक वाटली. चार पावलं मीही चाललो.

त्याच रात्री पोरी बिनबाह्यांच्या झग्यात, खिदळत,
आणि मी बनियनवर दोन स्वेटर, वर माकडटोपी.
एकीनं मला बघितलं
आणि दोन्ही हात वर केले.

ऑल राइट? असं विचारून इथला माणूस थांबत नाही.
मला हे माहीत नव्हतं.
गुडघ्याचं सविस्तर सांगत मी एकाच्या मागं मागं
ग्रेंजर मार्केटपर्यंत गेलो.
तो निसटला. मी आत राहिलो.

तिथं, मटणाच्या दुकानांपलीकडं, एक खोली:
माणसांचं वजन करून मिळेल.
जुना काटा, पितळ लखलखीत.
सवयीनं आधी शून्य बघितलं,
मग वाकून शिक्का शोधायला लागलो.
काही हरवलं का, पेट? बाई म्हणाल्या.
बूट काढून चढलो.
चौतीस वर्षांत स्वतःला कधी पारड्यात घातलं नव्हतं.
त्यांनी कार्डावर निळ्या शाईनं लिहिलं:
दहा दगड, चार पौंड.

खिशातल्या कागदावर हिशेब केला, दोनदा.
पासष्ट किलो.
शर्वरीची आई होती तेव्हा एकाहत्तर.
सहा कुठं गेले, ते लिहायला कार्डावर जागा नव्हती.

काय बाबा, काटा मारला का त्यांनी? शर्वरीनं फोनवर विचारलं.
नाही, म्हटलं. काटा बरोबर आहे.
बसमधून उतरताना सगळे थँक्यू म्हणाले, मीही म्हटलं,
आणि संध्याकाळी डोरीनबाईंनी कुंपणावरून दिलेला केक
तीनदा घेतला,
न जोखता.