दहा फूट उंचीवर

पहिला कॅमेरा गेला तेव्हा वाटलं, अस्वल असेल.
अस्वलं चावतात कॅमेरे, पट्टे ओरबाडतात.
पण अस्वल बकल सोडवत नाही.
खोडावर फक्त पट्ट्याची खूण होती,
घड्याळ काढल्यावर मनगटावर उरते तशी.

दुसरा ओढ्याच्या वळणावरून,
तिसरा तळ्याकाठून,
पोलादी पेटीसकट, केबलसकट.
कुलूप पाचोळ्यात पडलं होतं, अजून बंद,
आपलं काम चोख केल्यासारखं.
लोरीन म्हणाली, "कुलूप सज्जनांसाठी असतं, आर्लिस."
तिला जाऊन दीड वर्ष झालं. तरी म्हणाली.

ओझार्कच्या या टेकड्यांत आमची ऐंशी एकर.
शिवेवरच्या झाडांना मी जांभळा पट्टा ओढतो,
मिझूरीत शेंबड्या पोरालाही कळतं त्याचा अर्थ:
बाबा रे, आत येऊ नकोस.
रंग महाग झालाय.
पट्टे आखूड झालेत.

म्हणून या ऑक्टोबरात शिडी काढली.
वय अठ्ठ्याहत्तर, एक गुडघा माझा, एक डॉक्टरांचा.
दहा फुटांवर पांढऱ्या ओकमध्ये स्क्रू पिळला,
कॅमेरा खाली मान घालून बसवला,
त्याला चिखल फासला, वर सालीचा तुकडा.
झाकणाच्या आत नंबर लिहिला
लोरीनच्या नेलपॉलिशने. अर्धी बाटली वाळली होती,
उरलेल्यात सात आकडे बसले.
आणि खाली, छातीच्या उंचीवर,
एक मेलेला कॅमेरा टांगला. आमिष.

वरच्याचा झोत डोळ्यांना दिसत नाही,
हरणाच्या नाही, माणसाच्या नाही.
चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात.
असू दे. त्याच्या डोक्यावर
मी काळोखाचा दिवा लावून ठेवला.

आठवड्याने कार्ड काढलं.

पहिला फोटो माझाच.
नाक लेन्सला टेकलेलं, बुबुळं पांढरी,
दातांत पाना,
अंधार पडताना झाडावर चढलेलं काहीतरी.
शेरीफला दाखवला असता तर त्याने मलाच आत टाकलं असतं.

मग पान. पान. वारा.
रॅकून, तिची तीन पिल्लं.
आठ टोकांच्या शिंगांचा तो नर, मान वळवून,
कुणी हाक मारल्यासारखा.
पान.
मग मंगळवार, पहाटे चार दहा:
टोपीचा घुमट, दोन खांदे.
चेहरा नाही.
वरून चेहरा दिसत नाही,
एवढी अक्कल लढवली, त्यात हे सुचलंच नव्हतं.
दिसला तो हात, हातमोजा काढून बकल सोडवणारा,
सावकाश, बाळाचा बूट काढावा तसा.
करंगळीच्या जागी गुळगुळीत.

एमेट रॅड्की.
करंगळी लाकडाच्या गिरणीत गेली, आम्ही दोघं तिथे कामाला होतो,
मीच ती रुमालात गुंडाळली होती.
आणि त्याच हाताने, दोन फेब्रुवारींमागे,
त्याने माझा पिकअप बर्फाच्या खड्ड्यातून ओढला.
आत लोरीन होती, स्प्रिंगफील्डचं इस्पितळ गाठायचं होतं.
पैसे घे म्हटलं तर रागावला.

शेरीफचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे.
फोन उचलला, ठेवला.
पुरावा काय देणार?
एक नसलेलं बोट.

शनिवारी अग्निशमनवाल्यांच्या शेडमध्ये मासे तळले.
एमेट आला, कॉफी डाव्या हातात घेतली, उजवा पुढे केला.
"काय म्हणतोस आर्लिस, दिसला का यंदा मोठा नर?"
"दिसला की," मी म्हणालो.
"मंगळवारी. पहाटे चार दहाला."
हात हातातच राहिला.
त्याने वर पाहिलं, छताच्या पत्र्याकडे, ट्यूबलाइटकडे,
बराच वेळ.
मग म्हणाला, यंदा ओकची फळं भरपूर धरलीत.
हो, म्हटलं, भरपूर.
बोटं मी मोजली नाहीत.

कार्ड काढलं त्या दिवशी
शिडी तशीच ओकला टेकवून आलोय.
आणायला हवी.
शिड्याही जातात इकडे.