घासून बघ

तिसऱ्यांदा निघालं सोनं.
काचपट्टी पाण्यातून वर काढली
तर कोरी, पुसलेल्या चष्म्यासारखी;
आणि बीकरच्या तळाशी माझी अख्खी रात्र
फिकट लालसर.

महादेवी म्हणाली, बिडु अक्का, नाळे माडोण.
उद्यमबागेतले भोंगे कधीच वाजून गेले होते.

सोनं मी रीतसर उकळून केलं होतं:
पिवळं पाणी, लिंबाच्या आंबटाचं मीठ,
मिनिटभर काहीच नाही,
मग शाईसारखं काळवंडलं, मग आमसुलासारखं लाल.
या लालात सोनं आहे हे
डोळ्यांना पटत नाही.
मागच्या महिन्यात घाईत नळाचं पाणी पडलं,
राकसकोपच्या पाण्यातले दोन-चार क्षार,
तर सगळे कण एकमेकांना मिठ्या मारून
निळे पडले.

पट्टीवर हवेत ते वेगवेगळे, आणि घट्ट.
त्यांच्यावर बसेल एक प्रथिन,
त्याला ओळखता येईल माकडताप
रक्ताच्या एका थेंबात,
कणकुंबीतच, काजूच्या बागेतून आलेल्या बाईनं
बेळगावची बस धरायच्या आत.
असं अर्जात लिहिलंय.
अजून तरी अर्जातच आहे.

रात्री निपाणीहून फोन. काय करूलालीस?
म्हटलं, काचेवर सोनं बसत नाही.
बापू हसले नाहीत. चाळीस वर्षं
संकेश्वरच्या, चिकोडीच्या बाजारात
भाता ओढत तांब्याला कथील लावलं त्यांनी.
म्हणाले, भांडं काय खाऊन आलंय ते बघ आधी.
तेलाचं बोट लागलेलं असलं
तर वरची सगळी कला वाया.
आणि नवसागर? मध्ये धरणारं कोण?

आहे, बापू. एक लहान रेणू, दोन तोंडांचा,
एकानं काचेशी बोलतो, एकानं सोन्याशी.
आपल्या स्टॅम्पवाल्या कुडचीमामांसारखा,
त्यांच्यापुढं मराठीत रडलेलं
कन्नडात होऊन कचेरीत जातं तसा.
पण मी त्याला ओल्या काचेवर सोडलं;
थरावर थर चढले त्याचे
आणि थरच निघून गेले.

चौथ्यांदा.
आम्लात काच, हातात दुहेरी मोजे.
धुतली. भट्टीत खडखडीत वाळवली,
चिमट्यानं फक्त एक कड धरून.
मग तो रेणू. पुन्हा भट्टी.
मग रात्रभर लाल पाण्यात.

सकाळी महादेवीनं पट्टी धुऊन खिडकीशी धरली
आणि काही बोललीच नाही.
गुलाबी. म्हणजे जवळजवळ नाहीच;
सरबताचा पेला विसळल्यावर राहते तेवढी.
चिमट्याच्या जागी एक कोरा चौकोन.

बापूंना फोटो पाठवला.
सोनं किती लागलं, नाही विचारलं त्यांनी.
चमकत का नाही, तेही नाही.
बराच वेळ नुसत्या दोन निळ्या खुणा.
मग आवाजातला निरोप,
मागं कासार गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल:

घासून बघितलीस काय?