दोन बोटं माया

वहीच्या छत्तिसाव्या पानावर निहार पाठारे:
छाती बेचाळीस, कंबर बत्तीस, दंड साडेपंधरा.
खाली पेन्सिलीनं, डावा खांदा अर्धा इंच उतरता.
हे मला ठाऊक, आणि असलंच तर त्याच्या आईला.

पडद्यावर दोन्ही खांदे सारखे दिसायचे
कारण डावीकडे मी फोम भरायचो.
झंझावात उडायचा सी-लिंकच्या तारांमधून,
पोरं खुर्च्यांवर उभी राहायची,
मी अंधारात बघत बसायचो
काखेतली शिवण तग धरते का.

दुसऱ्या भागाला कंबर तीस.
म्हटलं, डाएट असेल, हल्ली सगळेच उकडलेलं खातात.
तिसऱ्या भागाला सत्तावीस.
टेप पुन्हा लावली. पुन्हा तेच.
तो आरशातून माझ्याकडे बघत होता.
“मास्तर, वहीत जुनंच लिहा.”

मी जुनंच लिहिलं.
आणि रात्री, गोरेगावच्या गाळ्याचं शटर आतून ओढून
स्नायू शिवत बसलो,
पोटाचे सहा, दंडाचे दोन, मांडीचे चार,
त्याच्या अंगावरून जे जे गेलं होतं
ते निळ्या कापडाच्या आतून परत.

एक खिसाही मागितला त्यानं.
झंझावाताला खिसा! दिग्दर्शक हसला असता.
डाव्या बरगडीखाली, अस्तरात,
गोळ्यांच्या एका पाकिटापुरता.
कोसळती इमारत पाठीवर पेलताना
आतला चंदेरी कागद करकरायचा.
साउंडवाल्यानं दोनदा विचारलं, कसला आवाज येतोय?
मी म्हटलं, कापड नवं आहे.

ओशिवऱ्याच्या स्मशानाबाहेर
त्याचे मुखवटे वीस रुपयांना विकले जात होते.
एका बापानं घासाघीस करून पस्तिसाला दोन घेतले.

आता चौथा भाग.
प्रॉडक्शनचे खारकर म्हणाले, “तोंड झाकलेलंच असतं हो,
आत कोण आहे, कुणाला कळणार?”
मी काही बोललो नाही.
टाचण्या ओठांत होत्या.

नवा मुलगा कियान. वेळेआधी आला,
चपला दाराबाहेर काढल्या.
चव्वेचाळीस, एकतीस, सोळा,
खांदे ओळंबा लावून घडवल्यासारखे.
अंदाजासाठी जुना सूट चढवायचा होता
म्हणून आधी डावीकडची शिवण उसवली.
फोम बाहेर आला, पिवळा पडलेला,
एका बाजूनं झिजून
दुसऱ्या कुणाच्या खांद्यासारखा झालेला.
केराची बादली पायाशीच होती.
मी तो बटणांच्या डब्यात ठेवला.

परळच्या नानांनी कापायला शिकवलं तेव्हा म्हणाले होते,
शिवणीत दोन बोटं माया सोडावी, माणूस वाढतो.
घटणाऱ्या माणसाचं
ते काही बोलले नव्हते.

“मास्तर, इथे आत खिसा आहे.”
“आहे.”
त्यानं दोन बोटं घालून चाचपलं. रिकामा.
मी सुईत दोरा ओवत राहिलो,
एरवी पहिल्या फटक्यात ओवला जातो.
कुणाचा, कशाला, काही विचारलं नाही पोरानं.
गळ्यापर्यंत चेन ओढली, आरशात पाहिलं, मग म्हणाला,
“नव्या सूटलाही राहू दे.
मला ना, उंचीची भीती वाटते.
तारेवर लटकवतील तेव्हा
काहीतरी असलेलं बरं.”

तो गेल्यावर वही उघडली, पान एकसष्ट.
आकडे लिहिले, या वेळी खरे.
खाली पेन्सिलीनं: खिसा, डावीकडे. उंचीला घाबरतो.

मग निळं कापड टेबलावर पसरलं,
खडूनं रेघ ओढली,
रेघेबाहेर दोन बोटं मोजली,
कात्री लावली,
आणि परत उचलून
अजून एक बोट सरकवली.