रस्त्याच्या मधोमध गवत

लीनानच्या पुढे रस्ता अरुंद होत गेला
आणि मधोमध गवताची एक रेघ उगवली,
भांगासारखी.
गाडी भाड्याची. हीटर फक्त डाव्या पायापुरता.
डिसेंबरची एकवीस तारीख, साडेतीनलाच सूर्य
डोंगराच्या खांद्यावर टेकलेला,
उठायच्या बेतात असलेला पाहुणा बसतो तसा.

मला कुठे पोचायचं नव्हतं.
हे नकाशातल्या बाईला पटेना.
दर वळणावर म्हणे, मागे फिरा, मागे फिरा.
शेवटी तिला गप्प केलं.

मेंढ्या. पाठीवर निळ्या रंगाचा फरकाटा,
काहींच्या लाल,
कोणती कोणाची ते कळावं म्हणून.
समोरून येणारा प्रत्येक जण
स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो.
हात नाही, हसू नाही, नुसतं बोट.
पहिल्या तिघांच्या वेळी वाटलं,
माझेच दिवे काहीतरी चुकलेत.

आणि उतरत्या उन्हात, त्या ओसाड उतारावर,
एकदम सऱ्या दिसल्या.
गवताखाली, उभ्या, फणीने विंचरल्यासारख्या.
बटाट्याच्या.
दुष्काळाच्या सालात कोणीतरी ओढलेल्या,
मग खणायला कोणी उरलं नाही.
दुपारी आले असते तर नुसती हिरवळ.
ऊन पुरतं आडवं व्हावं लागतं,
तेव्हा कुठे जमीन कबूल करते.
गाडी थांबवली नाही मी. थांबवायला हवी होती.

पुढे तळ्याने रस्ता गिळलेला.
पाण्याच्या काठाशी ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर फेस्टी,
त्याच्या कोटाच्या आत कुत्र्याचं पिल्लू.
"रस्ता आहे," तो म्हणाला, "पण खाली आहे.
उद्या वर येईल. नाहीतर परवा."
मग माझ्या शेजारच्या सीटकडे बघत,
"वळसा घालून जाशीलच,
तर डेलियाकडे एवढं टाकशील?"
एवढं म्हणजे
गॅसचं भरलेलं पिवळं सिलिंडर.

त्याला सीटवर बसवलं तशी गाडी किंचाळायला लागली:
प्रवाशाने पट्टा लावलेला नाही.
लावला.
नऊ दिवसांत पहिल्यांदा
माझ्या डावीकडे कोणी बसलं होतं.
वळणावर ते किंचित कलायचं,
ऐकत असल्यासारखं.
म्हणून बोलले. दोन नावं घेतली,
एकाला शिव्या घातल्या, एकाला नाही घालता आल्या.

डेलियाचं दार लोटलेलंच होतं.
चुलीत दलदलीतून कापलेल्या मातीच्या विटा,
त्यांना जळतानाही ओल्या रानाचा वास.
कुठे निघालीस, हे तिने विचारलं नाही.
विचारलं, "तू कोणाची?"
मी माझ्या गावाचं नाव सांगितलं.
तिने ते केकमधल्या मनुकेसारखं
दोनदा तोंडात घोळवलं, मान हलवली,
"नाही ओळखत त्यांना. बस."
चहा काळाकुट्ट. "यावरून उंदीर चालत गेला पाहिजे,"
ती म्हणाली, "नाहीतर तो चहा कसला."

खिडकीत एक मेणबत्ती, कोरी, वात पांढरी.
नाताळच्या आदल्या रात्री लावायची,
जो कोणी त्या वेळी रस्त्यावर असेल त्याच्यासाठी.
मी तीन दिवस आधी आले होते.
तिने ती पेटवली नाही. रीत म्हणजे रीत.
केकचा दुसरा तुकडा मात्र
न विचारता बशीत पडला.

बाहेर सहाच्या आत पुरती रात्र.
शेजारची सीट रिकामी.
पट्टा मी पुन्हा लावून टाकला.
का, ते मलाही विचारू नका.
लांब डोंगरावरून दोन दिवे उतरत येत होते,
वळणात बुडत, परत निघत.
अंधारात बोट दिसत नाही, हे कळत होतं.
तरी उचललं.

पुढे रस्त्यात एक मेंढी उभी होती, निळ्या पाठीची.
तिलाही.