ओल्या वाळूतलं मडकं

देब्रे ताबोरच्या आमच्या घरात फ्रीज नाही.
मडक्यात मडकं, मधे ओली वाळू,
आणि आत माझं इन्सुलिन, अंगठ्याएवढी बाटली.
पहाटे मुलुआलेम वाळूवर पाणी शिंपतो,
मग क्रूसाची खूण करतो.
कधी आधी खूण, मग पाणी.
मी विचारत नाही.

पंचावन्न दिवसांचा मोठा उपास चालू आहे.
दुपार टळेपर्यंत गावाच्या घशात थेंब नाही.
मी उजाडताच चुलीमागे बसून
इंजेराचा तुकडा चघळते,
चोरासारखी.
आजाऱ्याला पाप नाही, पाद्रीबाबांनी सूट दिली आहे.
शेजारणीच्या नाकाला ती सूट ठाऊक नाही.

"तुझा मी करतो," तो म्हणाला पहिल्या वर्षी,
जणू घागर होती ती,
या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची.
तेव्हापासून तो जेवतो दिवेलागणीला,
माझे तास त्याच्या तासांना जोडून.
शिवणयंत्रावर पाय जड पडतात,
टीप वाकडी जाते,
गिऱ्हाइकं बोलतात.

मला राग यायचा.
देवाकडची माझी उधारी यानं का फेडावी?
मागच्या शुक्रवारी ठरवलं, माझा मीच करीन.
सुई टोचली आणि खाल्लं नाही.
चर्चच्या अंगणात, एकविसाव्या दंडवताला,
कपाळ जमिनीला टेकलं
ते उठलंच नाही.

मग जिभेवर मध.
सुयांनी खरवडलेलं त्याचं बोट
हिरड्यांवरून फिरत होतं
आणि तो ओरडत होता सगळ्यांदेखत,
माझ्यावर नाही,
वर, आभाळाकडे,
ज्या शब्दांत तो शेळ्यांवर ओरडतो
त्याच शब्दांत.

संध्याकाळी मी कॉफी भाजली.
तीन फेऱ्या असतात आमच्यात.
पहिलीचं नाव अबोल,
आणि ती तशीच गेली.
दुसरीला तो म्हणाला,
"बोटाला राहिलेला मध मी चाटला, येशीमेबेत.
वेळेआधीच मोडला उपास."
"कुणाचा?" मी विचारलं. "तुझा की माझा?"
तो विचारात पडला. खरंच पडला.
मला हसू आवरेना.
तिसरी बरका, आशीर्वादाची:
तोच चोथा, पुन्हा उकळलेला,
पातळ.

आता मी चुलीपुढे बसते.
तो समोर, उपाशी,
माझ्या घासाघासाला ओठ हलवत.
प्रार्थना म्हणतो
की घास मोजतो,
मला अजून कळलेलं नाही.