तीळभर

फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात,
लिंबाच्या लोणच्याला टेकून
तिचं निळं पेन आडवं पडलेलं असतं.
ह्यानं काही लिहीत नाहीत.
दात घासून झाले की मी ते
थोडा वेळ मुठीत धरतो,
गार औषध जास्त झोंबतं म्हणून.

काल उजवी मांडी, आज डावी.
कॅलेंडरवर ऋजुता स्वतःच लिहिते
उ, डा, उ, डा,
कुठेतरी चालत निघाल्यासारखी.
सुई आत असताना मी मनात दहा मोजतो,
ती मोठ्यानं, इंग्रजीत.
तिचे दहा माझ्याआधी संपतात.

लेस्टरला तिच्या पंजाचा एक्स-रे काढला.
पोरगी नऊची, डॉक्टर म्हणाल्या,
हाडं अजून सहाची.
मला वाटलं, बरंय की,
तीन वर्षं कुठेतरी शिल्लक आहेत.
मंजिरी केटरिंग येईपर्यंत
बसच्या खिडकीकडे तोंड करून होती.

त्याच दिवशी आमचीही उंची मोजली.
मी भिंतीला पाठ लावली
आणि टाचा जरा, अगदी जरा, उचलल्या.
नर्सनं न बोलता खांद्यावर हात ठेवला.
पाच फूट दोन.
लग्नाच्या बायोडेटापासून आजवर
मी पाच-चार सांगत आलोय.
माझ्यामुळे का, विचारलं मी.
नाही हो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते,
सगळे झोपले की ती कामाला लागते.
हिची पेंगते.

मीही रात्रपाळीचाच माणूस.
गोदामात फोर्कलिफ्टनं दहा मीटरवर चढवतो
लोकांची कपाटं, लोकांचे टीव्ही.
घरी दाराच्या चौकटीवर
पेन्सिलीची एकच रेघ, ऑक्टोबरची.
दुसरी ओढायला हात उचलत नाही.

नाताळच्या नाटकात ती पुन्हा कोकरू झाली.
फोनवर मामा म्हणाला,
मूर्ती लहान पण कीर्ती महान.
अर्थ सांगितला तिला.
कीर्ती नको, म्हणाली,
जत्रेतल्या झुकझुकगाडीपाशी ते लाकडी अस्वल
हात आडवा धरून उभं असतं ना,
त्या हाताला डोकं लागलं की झालं.

संक्रांतीला चार वाजताच अंधार.
आजपासून दिवस तिळातिळानं वाढतो,
मंजिरी सवयीनं बोलून गेली.
तीळ किती मिलिमीटर?
ऋजुतानं वडीतला एक नखानं उकरून
पट्टीवर ठेवला.
तीन. उभा धरला तर.
मग महिन्याला दोन तीळ, ती म्हणाली,
औषध लागू पडलं तर अडीच.

आणि पेन्सिल घेऊन आली.
आधी तू.
मी चौकटीला टेकलो. ती स्टुलावर चढली,
माझ्या डोक्यावर पट्टी धरली,
मग खाली वाकून पाहिलं.

टाचा, बाबा.